शाळा बंद, वर्ग चालू: काश्मीरच्या घरगुती वर्गांचं कौतुक करायचं की नाही?

पाटीपेन्सिल
आमच्या सोसायटीत सध्या दोन घरांनी मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलंय. त्यावरून लिफ्टमध्ये, व्हॉट्सॲपवर रोज खडाजंगी. मला मात्र दर वेळी २०१६ आठवतं.

एमएस्सीला माझी रूममेट श्रीनगरची, जुन्या शहरातली. ८ जुलै २०१६ला हिजबुलचा कमांडर बुऱ्हाण वानी मारला गेला आणि खोऱ्यात संचारबंदी लागली. ती पन्नासेक दिवस चालली. वर फुटीरतावादी हुर्रियतवाल्यांची बंदची 'कॅलेंडरं' निघायला लागली: या दिवशी बंद, त्या दिवशी संध्याकाळी ढील. संचारबंदी उठली तरी शाळा काही उघडेनात. मोबाइलचं इंटरनेट बंद. तिच्या मामांकडे बीएसएनएलचा पोस्टपेड होता, त्यावरून अधूनमधून बोलणं व्हायचं.

माझी मैत्रीण तेव्हा घरीच होती. शेजारची एक बीएड झालेली मुलगी आणि एक इंजिनिअर, असे तिघांनी मिळून तिच्या घरच्या खालच्या मजल्यावर वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी नऊ मुलं, महिन्याभरात चाळीस. फळा नव्हता. माळ्यावरचं जुनं दार काढून भिंतीला टेकवलं आणि त्याच्या पाठीवर खडूने लिहायला लागले. आठवीचं गणिताचं पुस्तक सगळ्यांत मिळून एकच. झेरॉक्सची दुकानं बंद, म्हणून आदल्या रात्री कार्बन पेपर घालून गणितं उतरवायची. सहावीची पोरं पहिलीच्या पोरांना पाढे द्यायची. सकाळी लवकर, गल्लीत वर्दळ सुरू व्हायच्या आत सगळं आटपायचं. मुलं गणवेशात नाहीत, दप्तर नाही, वह्या पिशवीत. असे वर्ग ठिकठिकाणी निघाले होते, मशिदींत, लग्नाच्या हॉलमध्ये, कुणाच्या ओसरीवर.

माझं मत असं की त्या सहा महिन्यांत खोऱ्यात जे काही झालं त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम हे होतं. सरकारने आणि संघटनांनी एकमेकांकडे बोट दाखवलं, तोवर या तिघांनी भागाकार शिकवला. तुम्हाला काय वाटतं?

वाकडीवाट
ताई, लिहिलंय छान, पण मी असहमत.

या वर्गांनी कोणाची सोय झाली ते बघा. बंद पुकारणाऱ्यांना 'आम्ही मुलांचं नुकसान करतोय' ही टोचणी राहिली नाही, कारण पोरं कुठेतरी शिकतच होती. सरकारलाही शाळा सुरक्षित करायची घाई राहिली नाही. त्याच काळात खोऱ्यात पंचवीसहून जास्त शाळा जाळल्या गेल्या. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, तोपर्यंत ऑक्टोबर संपत आला होता. मग काय झालं? मास्तरांनाच रात्री शाळेच्या राखणीला बसवलं! दिवसा वर्ग नाही आणि रात्री पहारा.

नोव्हेंबरात दहावी-बारावीची परीक्षा निम्म्या अभ्यासक्रमावर उरकली. हजेरी नव्वद टक्क्यांच्या वर. लगेच 'परिस्थिती पूर्ववत'चे ढोल. नववीपर्यंतच्या आणि अकरावीच्या मुलांना सरसकट वर ढकललं. तुमच्या मैत्रिणीच्या कष्टांवर कोणाचा शिक्का उमटला ते बघा. पालक रस्त्यावर आले असते तर सप्टेंबरातच शाळा उघडल्या असत्या.

तिसरीघंटा
पालक रस्त्यावर. २०१६च्या श्रीनगरात. छऱ्याच्या बंदुकांसमोर. बरं.
(हलके घ्या.)

कुळागर
ह्या विषयावर आमच्या आजोबांचं सांगतो. ते पेडण्याचे. पोर्तुगीज राज्यात सरकारी शाळा पोर्तुगीज भाषेची. मराठी शिकायचं तर देवळाच्या सभामंडपात किंवा कोणाच्या तरी पडवीत, गुरुजींना तांदूळ-नारळ देऊन. आजोबा पोथी घडाघड वाचत, मोडी लिहीत. पण नोकरीचं निघालं की विचारणा एकच: 'सेगुंद ग्राव' झालास? म्हणजे पोर्तुगीज प्राथमिकची दुसरी परीक्षा. ती नव्हती. शेवटी मुंबई गाठली, गिरगावात खानावळीचा हिशेब लिहायला लागले.

सांगायचं ते एवढंच, की शिकवणारा मिळतो. कागद देणारा मिळत नाही. संघर्ष लांबला तर कागदच खरी अडचण. काश्मिरात निदान बोर्ड जागेवर होतं, म्हणून त्या चाळीस पोरांचं निभावलं.

ढोबळीमिरची
कुळागर, अगदी हाच मुद्दा. मी स्वित्झर्लंडमध्ये असतो. माझ्या ऑफिसात एक बाई आहे, कोसोवोची. तेव्हा ते सर्बियाच्या ताब्यात, लोक बहुतेक अल्बेनियन. तिकडे १९९१पासून अल्बेनियन शिक्षकांनी सर्बियाचा अभ्यासक्रम नाकारला, त्यांच्या नोकऱ्या गेल्या, माध्यमिक शाळा आणि विद्यापीठाची दारं त्यांना बंद झाली. मग अख्खी समांतर व्यवस्थाच घराघरांत उभी राहिली. राजधानी प्रिश्टिनात हर्तित्सा नावाच्या कुटुंबाने आपली घरं शाळेला दिली होती, तिथे आता संग्रहालय आहे. पैसा कुठून? परदेशातल्या लोकांनी मिळकतीच्या ३ टक्के द्यायचे, असा नियमच होता. १९९६ला अल्बेनियनांचे नेते रुगोव्हा आणि सर्बियाचे अध्यक्ष मिलोशेविच यांच्यात शाळा परत उघडायचा करारही झाला. तो कागदावरच राहिला. १९९९च्या युद्धापर्यंत हे असंच चाललं.

ही बाई अशाच एका घरात शिकली. सांगते, आम्ही बूट दाराबाहेर काढायचो नाही, पिशवीत घालून आत न्यायचो. बाहेर पन्नास जोड दिसले की पोलिसांना कळणारच. रसायनशास्त्र दोन वर्षं फळ्यावर. परीक्षानळी तिने हातात धरली ती युद्धानंतर.

तिला त्या शाळेचा अभिमान आहेच. पण एकदा कॉफी पिताना म्हणाली, माझ्या आईला सर्बियन यायचं, मला येत नाही. समोरचा शिव्या देतोय की रस्ता विचारतोय हेही कळत नाही. आपल्याच माणसांनी आपल्याच खोलीत शिकवलं की पलीकडचा माणूस पुस्तकातूनही जातो. पाटीपेन्सिल, तुमच्या मैत्रिणीच्या वर्गात इतिहास कोण शिकवत होतं?

वाकडीवाट
कोसोवोच्या उदाहरणाने माझंच म्हणणं पक्कं होतं. तिथे कर होता, समित्या होत्या, स्वतःची प्रमाणपत्रं होती. पॅलेस्टाइनमध्ये १९८८ला वेस्ट बँकच्या शाळा महिनोन्‌महिने बंद होत्या, तेव्हाही मोहल्ला समित्यांनी वर्ग काढले, आणि त्या समित्या इस्रायलने बेकायदा ठरवल्या. म्हणजे समोरच्याला त्यांची भीती वाटली. काश्मीरच्या वर्गांची कोणाला भीती वाटली? कोणालाच नाही. ज्या गल्लीत बीएडवाली आणि इंजिनिअर होते तिथे वर्ग झाला. मेंढपाळ बकरवालांच्या पोरांना कोणी शिकवलं?

सरळरेघ
मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त. ऊसतोड मुलांच्या साखरशाळेवर चार हंगाम काढलेत, म्हणून बोलायचं धाडस.

वाकडीवाट, तुमचं म्हणणं असं, की टँकर आला म्हणून नळाची मागणी मरते. एकदा हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांसमोर टँकर परत पाठवून दाखवा.

सात-आठ वर्षांचं पोर चार महिने अक्षरापासून तुटलं की जोडाक्षरं पहिली जातात. काना-मात्रा राहतात, 'क्ष' आणि 'त्र' जातात. मी बघितलंय. मोठ्या मुलांचं वेगळं. त्यांचं गणित नंतर भरून निघतं, पण बसायची सवय मोडली की नववीतला मुलगा परत येत नाही, तो कुठेतरी कामाला लागतो, किंवा तिकडे दगड उचलतो. म्हणून मला त्या वर्गाच्या अभ्यासक्रमाचं फार काही नाही. सकाळी ठरल्या वेळेला उठून कुठेतरी जायचं, कोणीतरी आपली हजेरी घेणार, हे मोठं.

ढोबळीमिरची यांचा इतिहासाचा प्रश्न रास्त आहे. मात्र सरकारी पुस्तकात तरी पलीकडचा माणूस कितीसा असतो?

अवांतर: आपल्याकडे तळेगावच्या समर्थ विद्यालयात विजापूरकरांनी स्वतःचा अभ्यासक्रम चालवला होता. इंग्रज सरकारने १९१०ला ते बंद पाडलं. ते लोक शाळा नाहीत म्हणून शिकवत नव्हते, आहेत त्या शाळा नकोत म्हणून शिकवत होते. या धाग्यात दोन्हींची सरमिसळ होतेय.

कुळागर
+१. जोडाक्षरांचं एकदम पटलं.

पाटीपेन्सिल
सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

ढोबळीमिरची, इतिहास कोणीच शिकवत नव्हतं. मुद्दाम. पहिल्याच आठवड्यात एक मोठा मुलगा 'मी शिकवतो' म्हणत आला होता. या तिघांनी त्याला भूमितीची पुस्तिका दिली. तो परत आला नाही. इतिहास टाळणं बरोबर होतं की नाही, यावर तिचं आणि बीएडवालीचं अजून एकमत नाही.

बकरवालांचं खरंय, माझ्याकडे उत्तर नाही. तिच्या वर्गातही पुलापलीकडच्या मुली येऊ शकल्या नाहीत, कारण पुलावर तारांचं कुंपण होतं.

आणि २०१९चं सांगायचं राहिलं. ५ ऑगस्टला कलम ३७० हटवलं, त्यानंतर तर फोनही मेले. १९ ऑगस्टला सरकारने प्राथमिक शाळा उघडल्या म्हणून जाहीर केलं. उघडल्या, पण मुलंच आली नाहीत. जगात कुठे काय चाललंय ते कळत नसताना पोराला कोण सोडणार? १४ ऑक्टोबरला पोस्टपेड सुरू झाले तेव्हा तिचा आवाज ऐकला. म्हणाली, दार परत माळ्यावरून काढलंय. यावेळी चाळीस नाहीत, पंधराच. बाकीच्यांचे पालक म्हणे, परत तेच किती वर्षं करायचं? ज्यांना झेपलं त्यांनी मुलं दिल्ली-चंदीगडला पाठवली. २४ फेब्रुवारी २०२०ला शाळा खऱ्या अर्थाने भरल्या, आणि मार्चमध्ये कोरोना. आपली मुलं झूमवर होती तेव्हा तिकडे टूजी होतं. फोरजी आलं ५ फेब्रुवारी २०२१ला. त्या मधल्या काळात तिने मुलांना आवाजातले धडे पाठवले. एक धडा उतरायला अर्धा तास.

म्हणून वाकडीवाट, 'सोय झाली' हे तुमचं वाक्य मला पहिल्यांदा वाचताना लागलं होतं. दुसऱ्या वेळच्या पंधरा मुलांकडे बघून आता तेवढं चुकीचं वाटत नाही. तरी दार काढायला नको होतं असं मी म्हणणार नाही.

वाकडीवाट
दार काढू नका असं मीही म्हणत नाहीये, ताई. तुमच्या मैत्रिणीला नमस्कार सांगा.

फक्त सरळरेघ सर, टँकरचं तुम्ही काढलंत म्हणून: आमच्या गावात टँकर २०१२च्या दुष्काळापासून येतोय. नळ अजून यायचाय.