शेवटी कलाटणी देणारी शाळेतली गोष्ट : तुमची जमली की फसली?

'अनपेक्षित शेवट असलेली कथा लिहा. शब्दमर्यादा ३००.' हा गृहपाठ ज्यांनी केलाय, तपासलाय किंवा घरी मुलांकडून करून घेतलाय, त्या सगळ्यांनी लिहा. सुरुवात माझ्यापासून. सातवीत मी नायकाला कड्यावर लटकवलं, वर वाघ उभा केला, खाली मगरी सोडल्या आणि शब्द संपत आले म्हणून त्याला झोपेतून जागं केलं. बाईंनी लाल शाईत एवढंच विचारलं होतं : 'मग मगरींचं काय झालं?'

*

माझी गोष्ट कुत्रा सांगत होता, पण ते शेवटी कळणार होतं. दिवसभर वाट बघणं, जिन्यावरची पावलं ओळखणं वगैरे. बाकावरच्या मित्राने दुसऱ्याच परिच्छेदात विचारलं, "हा स्वतः दार का उघडत नाही? कुत्रा आहे का?" दोन दिवस अबोला धरला होता मी.

*

मराठीत लिहिणाऱ्यांची वेगळीच पंचाईत. गोष्ट सांगणारा मुलगा वाटावा आणि शेवटी मुलगी निघावी, असं मला करायचं होतं. 'मी धावले' लिहिलं की खेळ खलास; 'मी धावलो' लिहावं तर वाचकाशी सरळ खोटं. होतो-होते, जातो-जाते, जिकडे बघावं तिकडे क्रियापद चुगली करायला उभं! दुसऱ्या पात्रांनाही 'तू कधी आलास' विचारायची सोय नाही. शेवटी फटी सापडल्या. 'मी चेंडू अडवला', 'मी दार उघडलं' : इथे क्रियापद चेंडूच्या नि दाराच्या मागे जातं, करणाऱ्याचा पत्ता लागत नाही. 'मला राग आला' चालतं, 'मी येईन' चालतं. 'मी घाबरत नाही' हेही चालतं, पण घाबरायची मात्र चोरी! अख्खी कथा अशी रेटली. सरांनी 'शैली तुटक' असा शेरा दिला (होतीच), पण कर्तरी-कर्मणी मला तेव्हा कळलं, व्याकरणाच्या तासाला नाही.

*

मी शिकवते. स्वप्न, भूत आणि जुळा भाऊ यांना माझ्या वर्गात बंदी आहे. पहिल्या वर्षी बंदी घातली तर निम्म्या नायकांची स्मृती गेली!

मी कथा मोठ्याने वाचते आणि शेवटच्या परिच्छेदाआधी थांबते. सगळ्या वर्गाने ओळखलं तर कथा पडली. पण शेवट ऐकून एकही जण "अरे, हे मघाशी आलं होतं की!" म्हणाला नाही, तर ती त्याहून जास्त पडली. त्यासाठी फ्रेंच कथाकार मोपासांची १८८४ची हाराची गोष्ट सांगते. मैत्रिणीचा हरवलेला हार भरून द्यायला नवराबायको ३६ हजार फ्रँकचा हार घेतात, १० वर्षं कर्ज फेडतात आणि शेवटी कळतं की मूळचा हार खोटा, फार तर ५०० फ्रँकचा. मुलं थक्क होतात. मग त्यांना मागे नेते. हाराच्या पेटीवर ज्या जवाहिऱ्याचं नाव असतं तो मध्येच सांगून गेलेला असतो, की हार माझ्याकडचा नाही, मी फक्त पेटी दिली असेल. ते वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

*

क्रियापदांची तक्रार वाचून हसू आलं. माझ्या लेकीने कथेत दोघी बायकाच घेतल्या, आजी आणि नात, म्हणजे प्रश्नच मिटला. रोज संध्याकाळी एक पाटीवर उलटा 'क' काढते, दुसरी डोळे वटारते, पुसायला लावते. वाचणारा समजतो नात शिकतेय. शेवटच्या ओळीत पाटीवाली चष्मा पुसते.

मी काही बोललो नाही. वही आईपुढे ठेवली. तिने ओळींवरून बोट फिरवत, अर्धा तास लावून, सगळी स्वतः वाचली. मग वही मिटून म्हणाली, "माझा 'क' कधीच उलटा नव्हता."