गुरुवारी लाईट गेली की जेनकिन्सचे बिल्ड लाल, अन्सिबल मात्र हिरवंगार

बाणेरचा_बिल्डवाला
नमस्कार मंडळी. ऑफिसात दोन लिनक्स मशिनी आहेत, एकीवर जेनकिन्स (कोडचे बिल्ड आपोआप चालवणारा सर्व्हर), दुसरीवर त्याचा एजंट (प्रत्यक्ष बिल्ड चालवणारा प्रोग्राम) एसएसएचवरून (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) जोडलेला, सगळा सेटअप अन्सिबलने (मशिनी आपोआप मांडून देणारं टूल) आणि रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारं) पूर्ण प्लेबुक, म्हणजे अन्सिबलची कामांची यादी, चालतं. आठवडाभर सगळं झकास आणि गुरुवारी लाईट गेली, यूपीएसने मान टाकली, मशीन परत वर आली की प्रत्येक बिल्ड डॉकरच्या (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) पायरीला आपटतं, डॉकरच्या सॉकेटवर (ज्या फाइलमधून त्याच्याशी बोलायचं ती) परमिशन डिनाइड. प्लेबुक पुन्हा चालवलं तर फेल्ड ०, बिल्ड तरी लालच. शेवटी हाताने युजरमॉड मारून (जेनकिन्स युजरला डॉकर ग्रुपमध्ये घालून) एजंट रिस्टार्ट केला की पुढच्या गुरुवारपर्यंत शांतता. डिस्क गेलीये का? साहेब म्हणतायत सोडा हे, क्लाउडवर चला.

चहा_आणि_क्रॉन
सॉकेटला सीएचमॉड ६६६ मार (सगळ्यांना वाचा-लिहायची परवानगी) आणि रिबूटच्या स्क्रिप्टमध्ये टाकून दे, आमच्याकडे असंच आहे, काही होत नाही.

पेठेतला_सिसॅडमिन
कृपया असले सल्ले देऊ नका. त्या सॉकेटवर ज्याला लिहिता येतं त्याला मशीनवर रूट (सर्वाधिकार) मिळाल्यातच जमा, आणि सॉकेट नव्याने बनलं की तुमचं ६६६ गेलं उडत.

बाणेरवाले, डिस्कचा काही संबंध दिसत नाही. प्रोसेस सुरू होताना जे ग्रुप मिळतात तेच ती मरेपर्यंत धरून बसते, नंतर युजरला ग्रुपमधून काढलं तरी तिला पत्ता नसतो. म्हणजे रात्री कोणीतरी तुमच्या युजरला डॉकर ग्रुपमधून काढतंय आणि रिबूट होईपर्यंत ते झाकून राहतंय, लाईट बिचारी फक्त चुगली करते. एकदा आयडी कमांड मारून त्या युजरचे ग्रुप बघा, मग एजंटच्या जावा प्रोसेसचा पीआयडी (नंबर) घेऊन प्रोक (चालू प्रोसेसची माहिती देणारी डिरेक्टरी) खालच्या स्टेटस फाइलमधली ग्रुप्सची ओळ बघा.

बाणेरचा_बिल्डवाला
अहो खरंच की! प्रोसेसमध्ये ग्रुप नंबर ९९८ आहे, म्हणजे डॉकरच, आणि आयडीमध्ये तो गायब. पण डॉकरच्या रोलमध्ये (प्लेबुकचा एक भाग) तर अपेंड ट्रू (जुने ग्रुप ठेवून नवा जोड) लिहिलंय, मग काढतंय कोण?

पेठेतला_सिसॅडमिन
दुसरा रोल. युजर मॉड्यूल (अन्सिबलचा युजर सांभाळणारा भाग) अख्ख्या रेपोत (कोडच्या साठ्यात) शोधा.

बाणेरचा_बिल्डवाला
सापडलं, युजर्स नावाचा जुना रोल आहे, प्लेबुकमध्ये डॉकरच्या नंतर येतो, त्यात जेनकिन्सला ग्रुप्समध्ये फक्त डेव्ह दिलाय आणि अपेंड लिहिलेलंच नाही.

पेठेतला_सिसॅडमिन
झालं मग. अपेंडचं डिफॉल्ट फॉल्स असतं, म्हणजे दिलेली यादी हीच पूर्ण यादी, बाकी सगळ्या ग्रुपमधून नारळ. एक रोल घालतोय, दुसरा काढतोय, रोज रात्री. रिकॅपमध्ये (शेवटच्या हिशोबात) चेंज्ड (बदल केलेल्या कामांची संख्या) कधी ०वर येत नसणार बघा, लोक नुसतं फेल्ड बघतात आणि झोपतात. लागोपाठ दुसऱ्यांदा चालवल्यावर चेंज्ड ० आलंच पाहिजे, नाही आलं तर चेक आणि डिफ (काही न बदलता काय बदलेल ते दाखवणारे पर्याय) लावून कुठला टास्क हलतोय ते बघायचं.

बाणेरचा_बिल्डवाला
अपेंड ट्रू टाकलं, दुसऱ्या फेरीत चेंज्ड ०. आता एजंटला नवे ग्रुप कसे देऊ, रिलीजचे बिल्ड चालू आहेत, मारता येत नाहीत.

पेठेतला_सिसॅडमिन
मारू नका. जेनकिन्समध्ये नोड (एजंटची मशीन) तात्पुरता ऑफलाइन करा, चालू बिल्ड पूर्ण होतात, नवे येत नाहीत. रिकामा झाला की डिस्कनेक्ट करून परत लाँच करा, एसएसएचचं लॉगिन नव्याने होतं, ग्रुपही नवे मिळतात. बुधवारीच करून टाका.