मदत हवी आहे: सुई रोज साफ करतोय तरी आवाज फाटतोय!!

खरखरे:
टर्नटेबलची सुई रोज ब्रशने साफ करतो, तरी दोन गाणी झाली की आवाज फाटायला लागतो. उचलून बघितलं तर टोकाला कापसासारखा गोळा. काढला की पाच मिनिटं ठीक, की पुन्हा तेच. लिक्विड घ्यावं का जेल? लवकर सांगा, पाहुणे यायचेत आणि रेकॉर्ड ऐकवीन असं बोलून बसलोय.

बी_साइड:
कार्ट्रिज, म्हणजे सुई ज्यात बसते तो डबा, कोणतं? सगळ्याच रेकॉर्डवर होतं की ठरावीक? ब्रश कुठून कुठे फिरवता? एवढं तरी लिहा, आम्हाला इथून सुई दिसत नाही.

स्पंजवाला:
लिक्विड, जेल काही नको. भिंतीवरचे डाग पुसायचा पांढरा मेलामाइन स्पंज मिळतो ना, त्याचा सुपारीएवढा तुकडा कापा, प्लॅटर (रेकॉर्ड फिरवणारी थाळी) बंद ठेवून लिफ्टच्या दांडीने सुई हळूच त्यात टेकवा, वर घ्या, दोनतीनदा. आडवी ओढायची नाही. दहा वर्षं हेच करतोय, विषय संपला.

काटेकोर:
विषय संपत नाही. तो स्पंज म्हणजे बारीक पॉलिश पेपरच असतो. हिऱ्याला काही होणार नाही, पण हिरा ज्या गोंदाने चिकटवलाय त्याचं काय? आणि स्पंजचे कण तिथेच अडकले तर? सुका ब्रश, मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या लांब दांड्याच्या) बुडाकडून आपल्याकडे. रेकॉर्ड सुईखालून त्याच दिशेने सरकते म्हणून. बाकी सगळे चोचले.

स्पंजवाला:
दहा वर्षांत एकही हिरा पडला नाही माझा.

काटेकोर:
हेल्मेट न घालणारेही असंच म्हणतात.

जुनी_तबकडी:
माझ्याकडे ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या तबकड्या आहेत. कृपा करून त्यांना अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. आणि त्यांना सुईही वेगळी लागते, खाच एलपीच्या तिप्पट-चौपट रुंद असते. पूर्वी पोलादी सुया असायच्या, प्रत्येक बाजूला नवी लावायची, साफ करायची भानगडच नव्हती.

बी_साइड:
काका, ७८ बद्दल कुणी विचारलंय?

खरखरे:
एलपीच आहेत हो सगळ्या. कार्ट्रिजचं नाव माहीत नाही, टर्नटेबलसोबतच आलं, काळं आहे आणि सुईचा भाग हिरवा. ब्रश डावीउजवीकडे फिरवतो, दात घासतो तसा. कधी घाई असली तर बोटाने. फाटतं ते शेवटच्या गाण्यांत जास्त, गाणारा स, श म्हणतो तेव्हा तर कानात काटा टोचल्यासारखं.

काटेकोर:
अरे देवा. डावीउजवीकडे??? ती सुई ज्या बारीक दांडीवर असते, कॅन्टिलिव्हर, ती अशाने वाकते. आणि बोटाचं तेल लागलं की धूळ आणखी चिकटते. साफ करताना ॲम्पचा आवाजही बंद ठेवत जा, नाहीतर ब्रशच्या त्या धडधडीने एक दिवस स्पीकर जाईल.

सुपरफास्ट:
बेल्ट बदला. माझा पण आवाज असाच व्हायचा, नवीन बेल्ट टाकला आणि एकदम स्मूथ.

बी_साइड:
बेल्ट सैल झाला तर सूर हलतो, स फाटत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!
खरखरे, हिरवा म्हणजे बहुतेक ऑडिओ टेक्निका कंपनीचं ९५ ई, जुनं मॉडेल किंवा नवं व्हीएम. दोन्हीला वजन, म्हणजे सुईचा रेकॉर्डवरचा दाब, २ ग्रॅमच सांगितलंय. तुम्ही किती ठेवलंय? आणि शेवटच्या गाण्यांचं म्हणाल तर रेकॉर्ड तेवढ्याच वेगाने फिरते पण आतला घेर लहान, बाहेर सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेमी खाच जाते तर आत २० च्या आसपास. तेवढ्यात सगळा आवाज दाटीवाटीने बसवलेला असतो, म्हणून कुठलीही चूक आधी तिथे ऐकू येते.

खरखरे:
वजन १ वर आहे. मागच्या महिन्यात मीच कमी केलं, रेकॉर्ड झिजू नयेत म्हणून. त्याचा इथे काय संबंध? मी सुई साफ करायचं विचारतोय.

बी_साइड:
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना राव!! हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, भिंतींवर आपटत जाते. रेकॉर्ड त्यानेच जास्त खराब होते. वर थोडी धूळ जमली की तरंगतेच.

काटेकोर:
सहमत, पण गोळा कुठून येतो? रेकॉर्ड पुसता का? रेकॉर्ड मळकी असेल तर सुई म्हणजे झाडूच. वाजवायच्या आधी कार्बन फायबरचा ब्रश दोन फेऱ्या टेकवून धरा.

खरखरे:
पुसतो की. मऊ सुती फडक्याने, जरा ओलं करून. मग लगेच लावतो.

काटेकोर:
सापडला कापूस. ओल्या रेकॉर्डवर सुई ठेवता, वर फडक्याचे तंतू. तो चिखल वाळून टोकाला चिकटतोय, सुका ब्रश त्याला पुरणार नाही, आता एकदाच लिक्विड लावा. त्याच कंपनीचं एटी६०७ आहे, ब्रशला थेंबभर, मागून पुढेच.

स्पंजवाला:
म्हणजे सुका ब्रश पुरत नाही तर. 🙂

काटेकोर:
एकदाच म्हटलंय. वाचा.

खरखरे:
अपडेट: काउंटरवेटने (मागच्या वजनाने) आर्म तरंगता केला, डायल शून्य, मग २ वर आणला. अँटीस्केटिंगही (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असतं ते) २. लिक्विड नव्हतं, शेवटी स्पंज वापरला (सॉरी काटेकोर). मोबाइल झूम करून बघितलं तर टोकामागे एक तंतू चक्क गुंडाळलेला होता, तो निघाला. एक पूर्ण बाजू ऐकली, गोळा नाही, स पण बराच सुधारला. पण शेवटच्या गाण्यात डाव्या स्पीकरमधून अजून किंचित फाटतं.

काटेकोर:
समोरून फोटो टाका. दांडी एका बाजूला झुकलीय का बघू.

खरखरे:
टाकतो. मला तर जरा उजवीकडे वाटतेय.

बी_साइड:
दात घासल्याचा परिणाम. घाबरू नका, हिरवा भाग ओढून निघतो, तेवढाच नवा मिळतो, अख्खं कार्ट्रिज नको. किती तास वाजलीय तसंही?

खरखरे:
तास मोजायचे असतात??

जुनी_तबकडी:
बरं, ती ७८ ची वेगळी सुई ह्याच कार्ट्रिजला बसते का कुणी सांगेल?