पगाराची तारीख नसलेल्यांनो, तुमचे अनुभव सांगा

अनुजा
गेली अकरा वर्षं मी घरून भाषांतराचं काम करते. औषधांची माहितीपत्रकं, बँकांचे अर्ज, अलीकडे सबटायटल्स. परवा भाचीने विचारलं, "मावशी, नोकरी सोडून फ्रीलान्सिंग करू का?" मला पटकन उत्तर देता येईना. हो म्हणावं तर २०१६ ची दिवाळी आठवते. नको म्हणावं तर सासूबाईंच्या शेवटच्या पाच महिन्यांत रोज दुपारी त्यांच्या उशाशी बसता आलं, ते कुठल्या नोकरीत जमलं असतं?

२०१६ साली एका एजन्सीला ७२,००० रुपयांचं काम जूनमध्येच करून दिलं होतं. "पुढच्या आठवड्यात पेमेंट होतंय" हे दिवाळीपर्यंत ऐकलं, मग नोटाबंदीचं कारण आलं. मुलाची फी भरायला भावाकडे हात पसरावा लागला. काम होतं, ते वेळेत केलंही होतं, फक्त पैसे दुसऱ्याच्या खात्यात अडकून होते. मार्चमध्ये ४०,००० आले. उरलेले आजतागायत नाहीत.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ साली देशात ७७ लाख गिग कामगार (पक्क्या नोकरीऐवजी सुटी कामं करून कमावणारे) होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. आपण मोजके नाही. तेव्हा लिहा. पहिलं वर्ष कसं गेलं, पैसे कुठे अडकले, आजारी पडलात तेव्हा घर कसं चाललं. आकडे सांगता आले तर जरूर सांगा, नवख्या माणसाला त्याचाच उपयोग होतो. कंपन्यांची नावं मात्र नकोत.

सिंहगडरोडकर
ताई, मी चार वर्षं खाण्याची डिलिव्हरी करतो. आधी चाकणला कंत्राटी होतो, कामातून ब्रेक दिला तो कायमचाच.

हिशोब सांगतो. सकाळी ११ ते ३, संध्याकाळी ७ ते १२. दिवसाला हजार-अकराशे पडतात. त्यातून पेट्रोल अडीचशे-तीनशे, शिवाय ऑइल, चेन, ब्रेक लायनर, टायर. हातात सातशेच्या आसपास राहतात. खरा पैसा इन्सेंटिव्हमध्ये. बावीस ऑर्डर झाल्या की वर साडेतीनशे. एकवीस झाल्या तर एक रुपया नाही.

मागच्या जुलैत रात्री पावणेबाराला माझ्या एकवीस झाल्या होत्या. धो धो पाऊस. वडगावच्या पुलाखाली गाडी लावली. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर थेंब पडला की स्क्रीन आपोआप दाबली जायची, म्हणून शर्टाच्या आतल्या कोरड्या टोकाने सारखी पिशवी पुसत होतो. बारा वाजले, ऑर्डर पडली नाही. घरी बायको जागी होती. तिने एवढंच विचारलं, "झाल्या?" मी मान हलवली, तिने ताट वाढलं.

फेब्रुवारीत खडीवरून गाडी घसरली, मनगट मोडलं. ॲपमध्ये विमा लिहिलेला होता. दवाखान्यात गेल्यावर कळलं की ऑर्डर चालू असेल तरच तो लागू. मी ऑर्डर पोचवून परत येत होतो. ३८,००० खिशातले गेले. सहा आठवड्यांनी कामावर आलो तर आयडी बंद, कारण इतके दिवस लॉगिन नव्हतं. तीन खेपा मारल्या, प्रत्येक वेळी वेगळा मुलगा, आणि "सिस्टीमने केलंय" हेच उत्तर. चाकणचा सुपरवायझर शिव्या द्यायचा, पण तो समोर असायचा. त्याच्यापुढे उभं राहून प्लॅस्टर दाखवता आलं असतं.

कल्याणची रेखा
मी ब्युटिशियन. लग्नाआधी पार्लरमध्ये महिना आठ हजारांवर होते. ॲपवर आल्यावर पहिल्याच महिन्यात बावीस हजार हातात आले. ते मी विसरणार नाही, पहिल्यांदा माझ्या नावाची एफडी केली. म्हणून सगळं वाईटच आहे असं मला म्हणता येत नाही.

पण बॅग बारा-तेरा किलोची. वॅक्स हीटर, टब, चादरी, सगळं आपलंच. सामान कंपनीकडूनच घ्यायचं, बाहेरचं चालत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये बॅग घेऊन चढले की बायका ओरडतात, त्यांचंही खरं आहे. मोठ्या सोसायट्यांत आम्हाला सर्व्हिस लिफ्ट, आणि ती बंद असली तर जिने. दोन तास काम करून बाथरूम वापरू का विचारलं तर काही घरांत नाही म्हणतात.

रेटिंग घसरलं की कामं येणं थांबतं. एकदा पाळीच्या दिवसांत दोन बुकिंग रद्द केली, तर पुढचे दहा दिवस फोन शांत. स्वतःचा मालक स्वतः म्हणतात, मग सुट्टीची शिक्षा कुणी दिली?

सांगलीकर
माझी बाजू वेगळी, तीही नोंदवतो. सॉफ्टवेअर, २०१८ पासून परदेशी क्लायंट, पैसे डॉलरमध्ये. सांगलीत राहून पुण्यातल्या पगाराहून जास्त मिळवतो आणि आईवडिलांजवळ आहे. हे सुख मोठं आहे. फसलो ते घराच्या कर्जात. आयकराच्या ४४एडीए कलमाखाली जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न दाखवून कर भरत होतो, हिशोबाच्या वह्यांची कटकट नको म्हणून. बँकेने तेवढंच उत्पन्न धरलं. साहजिकच कर्ज बसलं निम्म्यावर. फ्लॅट हातचा गेला. कर्ज घ्यायचं मनात असेल तर दोन-तीन वर्षं आधी सीएकडे बसून ठरवा. आणि बाहेरच्या देशातल्या क्लायंटचं काम असेल आणि जीएसटी नोंदणी असेल, तर दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला एलयूटी (जीएसटी न भरता परदेशी काम करण्यासाठीचं हमीपत्र) भरायला विसरू नका.

कोपरखैरणे
वरचे अनुभव वाचून राहवलं नाही. माझे वडील माथाडी. आधी मशीद बंदरला, मार्केट हललं तसे वाशीला. त्यांनाही कुणी एक मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. टोळी, मुकादम, जेवढी पोती उचलली तेवढी मजुरी. आजच्या भाषेत गिगच.

पण त्यांच्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा होता. अण्णासाहेब पाटलांनी आणि त्या पिढीने लढून मिळवलेला. व्यापाऱ्याने मजुरी द्यायची ती माथाडी मंडळात, आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठराविक टक्के जादा रक्कम, भरायची वेगळी. त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे, दवाखाना. मालक शंभर असोत, हिशोब एका मंडळात. बाबांच्या पाठीवर हुकाचा वण होता, मानेला कायमचा घट्टा होता, पण निवृत्त झाले तेव्हा पीएफ हातात आला. मी ज्या घरात बसून हे लिहितोय ते त्यातून उभं राहिलंय.

मी स्वतः सहा वर्षं ॲपवर टॅक्सी चालवतो. गाडी माझी, हप्ता माझा, गॅस माझा, कमिशन त्यांचं. माझ्या नावावर पीएफचा एक रुपया नाही. एसी गाडीत बसणारा मुलगा पोती उचलणाऱ्या बापापेक्षा उघडा, हे बाबांना शेवटपर्यंत समजावता आलं नाही. ते विचारायचे, "तुमचं मंडळ कुठाय?"

आता कायदा आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली झाली, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. ॲग्रिगेटरने, म्हणजे ॲप कंपनीने, वर्षाच्या उलाढालीतून १ ते २ टक्के कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत टाकायचे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांची मर्यादा ठेवून. राजस्थानने २०२३ मध्ये स्वतःचा कायदा केला, कर्नाटकाने २०२५ मध्ये. ज्या महाराष्ट्राने ही वाट १९६९ ला पाडली तो मागे राहू नये असं मला फार वाटतं. मंडळ कसं चालवायचं हे आपल्याकडे माहीत असलेली माणसं अजून आहेत. त्या मंडळांत गडबडी झाल्या, ठाऊक आहे. पण पीएफ मिळाला.

मीनल, बर्लिन
थोडक्यात लिहिते. मी चित्रकार, मुलांच्या पुस्तकांसाठी काम करते. इथे १९८३ पासून कलाकार आणि लेखकांसाठी क्युन्स्टलरझोत्सियालकासं नावाची व्यवस्था आहे. आरोग्य विमा आणि पेन्शनचा निम्मा हप्ता मी भरते, उरलेला निम्मा आमचं काम वापरणाऱ्या प्रकाशकांसारख्या संस्थांकडून आणि सरकारकडून येतो. पण चित्रकाराला मिळणारं हे, बर्लिनमध्ये सायकलवरून जेवण पोचवणाऱ्याला लागू नाही. कोपरखैरणेकर, तुमच्या बाबांचं मंडळ वाचून मला हेच आठवलं.

अनुजा
सगळ्यांचे आभार. रेखा, बाथरूमचं वाचून मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. तळमजल्याचं स्वच्छतागृह आता कुलूपबंद राहणार नाही.

अडकलेल्या पैशांबद्दल मला उशिरा कळलेली गोष्ट: उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) करा, फुकट आहे, आणि काम घेण्याआधी करा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे ठरलेली मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असूच शकत नाही. पुढे गेलं तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. दोन वर्षांपूर्वी एका क्लायंटला नुसतं पत्र पाठवलं, उद्यम क्रमांक आणि कलम १५ लिहून. नवव्या दिवशी पैसे आले.

सिंहगडरोडकर, तुमची ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नोंद आहे का? प्लॅटफॉर्म कामगारांना तिथे नोंदणी करता येते.

सिंहगडरोडकर
नव्हती ताई. आधारला जुना नंबर जोडलेला होता, तो बदलण्यात दोन दिवस गेले. आज झाली. बारा आकडी नंबर आलाय, बायकोने वहीत लिहून ठेवला. आमच्या पुलाखालच्या पाचजणांचीही उद्या दुपारच्या गॅपमध्ये करून देतो. पावणेसात झाले, लॉगिन करतो.