घाट चढल्यावर गाडीत जळक्या तेलाचा वास येतो. इंजिन खोलण्याआधी काय तपासावे?

प्रश्न (बीड)

माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी 2013 सालची असून ती आजवर 92,000 किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यात इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलून घेतले आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच जळक्या तेलाचा वास सुरू झाला. सपाट रस्त्यावर तो जाणवत नाही. मात्र अंबाजोगाईला जाताना मांजरसुंब्याचा घाट चढून वर आलो आणि चहासाठी गाडी थांबवली, की बॉनेटच्या फटीतून वास येतो आणि एसी चालू असल्यास आतही शिरतो. आई मागे बसली होती. कोणीतरी कढईत करडीचे तेल करपवले आहे, असे तिने पहिल्याच दिवशी सांगितले. गॅरेजमध्ये विचारले तेव्हा, फिल्टर काढताना सांडलेले तेल जळत आहे, आपोआप थांबेल, असे उत्तर मिळाले. त्यालाही आता 700 किलोमीटर होऊन गेले. दुसऱ्या एका कारागिराने बॉनेट न उघडताच इंजिन खोलावे लागेल असे सांगून टाकले. तापमानाचा काटा मध्यावर असतो, धूर दिसत नाही. परंतु डिपस्टिकवरील (ऑइल मोजण्याच्या पट्टीवरील) पातळी वरच्या खुणेपासून मध्यापर्यंत उतरली आहे.

उत्तर 1 (परभणी)

सांडलेले तेल जळून जाते हे खरे आहे, पण एवढ्या अंतरात ते केव्हाच संपायला हवे होते. वास टिकून आहे आणि पातळीही उतरते आहे, याचा अर्थ गळती चालू आहे. तेल इंजिनच्या आत जळत असते, तर सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना किंवा घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताना सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला असता आणि वास बॉनेटपाशी नव्हे, मागच्या बाजूला आला असता. त्यामुळे इंजिन खोलण्याचा सल्ला सध्या बाजूला ठेवावा. घाटात इंजिनवर ताण येतो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनमधून जळका वायू बाहेर नेणारी नळी) कित्येक शे अंशांपर्यंत तापतो आणि त्यावर पडलेला तेलाचा थेंब तिथेच करपतो; गाडी चालू असताना वारा तो वास मागे नेतो, थांबलात की तो वर येतो. एसीची बाहेरची हवा पुढच्या काचेच्या खालून आत घेतली जाते, म्हणून तो तुमच्यापर्यंत पोहोचतो. मात्र मॅनिफोल्डचीच गळती असेल तर त्या हवेबरोबर विषारी वायूही येऊ शकतो, तेव्हा तूर्त काचा थोड्या उघड्या ठेवाव्यात.

थंड इंजिन डिग्रीझरने स्वच्छ करावे, कोरड्या कपड्याने पुसावे, 20-25 किलोमीटर गाडी चालवावी आणि मग टॉर्च घेऊन पाहावे. तेल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे पसरते, म्हणून खाली दिसणाऱ्या डागावर विश्वास न ठेवता ओलीचे सर्वांत वरचे टोक शोधावे. नुकतेच ऑइल बदलले असल्यामुळे फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा (जुने ऑइल खालून काढण्याच्या बोल्टचा) वॉशर आधी पाहून घ्यावा.

उत्तर 2 (लातूर, गॅरेज व्यवसाय)

वरील मताशी सहमत आहे. माझा पहिला संशय मात्र टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगवर आहे. दहा-बारा वर्षांच्या गाडीत, त्यातही आपल्याकडचा उन्हाळा सोसलेल्या गाडीत, ते रबर प्लॅस्टिकसारखे कडक होते आणि काढताना बोटांत मोडते. अनेक जण बोल्ट आणखी आवळून वेळ मारून नेतात; त्याने गळती थांबत नाही, उलट कव्हर वाकते किंवा बोल्टचे आटे जातात. हे बोल्ट फार कमी जोराने, मधून बाहेर आडवे-तिरपे आवळायचे असतात. शक्य असल्यास कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारा भाग) काढून प्लगच्या खड्ड्यातही पाहावे. तिथे तेल साचले असेल तर पुढे इंजिन मिसिंग करू लागते, म्हणजे अडखळत चालते.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ब्रीदर किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतला वायू बाहेर जाण्याची वाट) काजळीने चोंदला, तर इंजिनच्या आतला दाब वाढतो आणि नवे पॅकिंगही पुन्हा तेल सोडू लागते. व्हॉल्व्ह न तपासता पॅकिंग बदलल्यामुळे महिन्याभरात परत आलेली गिऱ्हाइके मी पाहिली आहेत. तोवर घाटात जाण्यापूर्वी सपाट जागी इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पातळी पाहावी, आणि पातळी राखण्यासाठी वरच्या खुणेच्या वर ऑइल भरू नये.

प्रश्नकर्ता (बीड)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. इंजिन स्वच्छ करून गेवराईच्या दिशेने फेरी मारून आलो. फिल्टर आणि ड्रेन बोल्ट कोरडे होते. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात मात्र तेलाची बारीक रेघ मॅनिफोल्डपर्यंत गेलेली दिसली. तिसऱ्या सिलिंडरचे कॉइल काढले तर त्याच्या टोकाचे रबर तेलाने चमकत होते. काल पॅकिंग, प्लगच्या खड्ड्यांचे सील आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलून घेतले. जुना व्हॉल्व्ह हलवला तर खडखड आवाज यायला हवा होता. तो मुकाच होता, म्हणजे चोंदलेला होता. आज त्याच गाडीने घाट चढून आलो, थांबलो, बॉनेट उघडले. वास अगदी पुसटसा होता.

उत्तर 2 (लातूर)

तो मॅनिफोल्डच्या पत्र्याखाली उरलेल्या तेलाचा असेल. आठवडाभर वाट पाहावी, आणि 500 किलोमीटरनंतर डिपस्टिकवरील पातळी इथे अवश्य कळवावी.