अण्णांच्या डार्करूममधला जुना ब्रोमाईड पेपर अजून चालंल का?

औशाचा_पोरगा:
आमच्या अण्णांचा औशात फोटो स्टुडिओ होता, आता गाळा रिकामा करायलोय. माळ्यावर एनलार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडायचं यंत्र), तीन ट्रे, लाल बल्ब आणि फोटो छापायच्या इंदू ब्रोमाईड पेपरचे दोन डबे निघाले, एक तर फोडलेलाच नाही. निगेटिव्हची तर पोती हेत, लग्नं, बारशी, दहावीचे ग्रुप. हा पेपर चालंल का? आणि हे शिकण्यात काही अर्थ आहे का, का नवीन पेपर मिळायचाच बंद झालाय? भंगारवाला दारात थांबलाय, एनलार्जर किलोवर मागायलाय.

हायपोभाऊ, नांदेड:
भंगारवाल्याला चहा पाजून वाटंला लावा आधी.

इंदू म्हणजे उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स, १९६० ची सरकारी कंपनी, ती कवाच बंद पडली. पत्र्याखाली इतके उन्हाळे काढलेला पेपर डबा न उघडता पण खराब होतो. तपासायचं सोपंय, लाल दिव्यात दोन पट्ट्या कापा, एक सरळ हायपोत (चित्र पक्कं करायचं पाणी) टाका, दुसरी आधी दोन मिनिटं डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवायचं पाणी) आणि मग हायपोत. नंतर उजेडात शेजारी शेजारी धरा. दुसरी करडी दिसली की समजा पेपर गेला. थोडीशीच करडी असंल तर आम्ही डेव्हलपरमध्ये करडेपणा दाबणारं बेंझोट्रायझोल टाकून चालवून घ्यायचो, पण मग नवरदेवाचं धोतर कधी नीळ दिल्यासारखं पांढरं येत नाही आणि गिऱ्हाईक बोंबलतं.

खरं_बोलू_का:
राग मानू नका, पण कशाला नसता उद्योग? कोडॅकनं ब्लॅक अँड व्हाईट पेपर २००५ लाच सोडला, आग्फाचं पण त्याच वर्षी दिवाळं निघालं. आज आठ बाय दहाचा एक कागद शंभराच्या वर जातो आणि शिकताना निम्मे तर काळेच होतात. निगेटिव्ह स्कॅन करा, मोकळे व्हा.

लालदिवा, संभाजीनगर:
वरच्या भाऊंचं अर्धं बरोबर आहे. इलफर्ड पण २००४ ला बुडायलीच होती, पण तिथल्याच मॅनेजर लोकांनी ती घेतली आणि इंग्लंडमधल्या मोबर्लीत पेपर अजून बनतो. चेक देशातली फोमा आहेच. आणि आता ग्रेड २, ३, ४ चे (ग्रेड म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक किती कडक) वेगळे डबे ठेवायची गरज नाही, मल्टिग्रेडचं एकच पाकीट घ्यायचं, पिवळा फिल्टर लावला की चित्र मऊ, गुलाबी लावला की कडक.

फक्त आरसी, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेला पेपरच घे बाबा. तो दोन मिनिटांत धुवून होतो, फायबरला, म्हणजे साध्या कागदावरच्या पेपरला, तासभर पाणी लागतं, आणि २०१६ ला ज्या जिल्ह्याला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं तू तासभर कागदावर नळ सोडलास तर शेजारी घरात घुसून मारतील. दुसरं म्हणजे उन्हाळा. डेव्हलपर वीस डिग्रीला पाहिजे, मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहा करता येईल असं असतं, म्हणून मी डेव्हलपरचा ट्रे मोठ्या परातीत ठेवतो आणि परातीत रांजणातलं पाणी.

इंदूचा पेपर करडा निघाला तरी टाकू नको. त्यावर पाला ठेव, वरून काच, उन्हात ठेव अर्धा तास, डेव्हलपर लागतच नाही, नुसतं हायपोत बुडव. ऊन तर आपल्याकडं फुकटच आहे.

आणि स्कॅन जरूर कर, पण निगेटिव्ह पोत्यातून आजच काढ, एकमेकाला चिकटली की सुटत नाहीत.

औशाचा_पोरगा:
पट्टी करून बघितली. डेव्हलपरवाली पावसाळी आभाळासारखी आली, म्हणजे पेपर गेलाच. मग लिंबाचा डहाळा ठेवून उन्हात केला, आधी जांभळा दिसला, हायपोत टाकल्यावर पिवळट तपकिरी झाला, पण पानाची दातेरी कड अशी आली की बायकोनं तो फ्रिजवर चिकटवलाय.

एनलार्जर दिला नाही. पोती उपसताना एक पाकीट निघालं, त्यावर अण्णांच्या अक्षरात "किल्लारी, मे ९३, पैसे बाकी" असं लिहिलंय. आत लग्नाच्या बारा निगेटिव्ह. उजेडाला धरून बघितल्या, माळवदाच्या घरापुढं अख्खं वऱ्हाड बसलंय. पुढं सप्टेंबरात काय झालं ते आपल्या भागात कुणाला सांगायची गरज नाही. अण्णा पैसे मागायला कधी गेलेच नाहीत, एवढं आई म्हणली.

पेपर मागवलाय, पंचवीसचं पाकीट. पहिला प्रिंट ह्याचाच काढायचाय, मग तिथं जाऊन कुणी ओळखतंय का बघतो. फिल्टर कितीचा लावू?

लालदिवा, संभाजीनगर:
दोनपासून सुरू कर. आणि अख्खा कागद लगेच वापरू नको, पट्टी कापून तिच्यावर पाच पाच सेकंद वाढत्या उजेडाच्या पायऱ्या काढ, वऱ्हाडातल्या चेहऱ्यांवरनंच.