रोजच्या वापराला पद्मिनी की अल्टो?

वाळपईकर: घरी १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे, चालू स्थितीत. मुलगा म्हणतो, विका आणि अल्टो के-१० घ्या. मला पटत नाही. १०८९ सीसीचं इंजिन, कार्बोरेटर, ठिणगीची वेळ सांभाळणारे पॉइंट, सगळं डोळ्यांसमोर असतं. बंद पडली तर गावातला मेस्त्री पाना-पक्कड घेऊन रस्त्यातच चालू करून देतो. नव्या गाडीचा सेन्सर गेला की आधी बिघाड सांगणारा स्कॅनर शोधा. शिवाय गिअर स्टिअरिंगला, पुढची सीट सलग. चतुर्थीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान मागे भरून पुढे तिघं आरामात बसतात.

फोंडेकर: अहो, चालू करून देतो हो, पण थांबायचं कसं? चारही चाकांना ड्रम ब्रेक. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ड्रम भिजतात आणि त्यानंतर दोन-तीन वेळा ब्रेक नीट लागतच नाहीत; पेडलवर हलका पाय ठेवून सुकवावे लागतात. जुलैत चोर्ला घाटात धुक्यातून अचानक ट्रक समोर आला तर? अल्टोला पुढे डिस्क ब्रेक आहेत, जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारं एबीएस आहे, एअरबॅग आहेत. आणि पुढच्या तिसऱ्या माणसाला बेल्ट कुठला लावता?

वाळपईकर: आम्ही चाळिसाच्या वर जातच नाही. आणि पद्मिनीचा पत्रा बघा, नव्या गाड्यांचा अंगठ्याने दबतो.

फोंडेकर: जाड पत्रा गाडीला वाचवतो, माणसाला नाही. नव्या गाडीचं नाक मुद्दाम चेपेल असं बनवतात, म्हणजे धक्का तिथेच जिरतो. तुमच्या गाडीत तो थेट बसलेल्यांच्या अंगावर येतो.

म्हापशाची सून: शुक्रवारच्या बाजारात पॉवर स्टिअरिंगशिवाय गाडी लावून बघा, खांदे भरून येतात. आमच्याकडे दोन्ही गाड्या होत्या. सासरे असेपर्यंत फियाट, म्हणजे पद्मिनीच, राहिली, पण चावी बायकांच्या हातात कधी आलीच नाही. अल्टो आली तशी मी एकटी बाहेर पडू लागले. याचा विचार कुणीच करत नाही.

पेडणेकर: मी पद्मिनीच्याच बाजूचा, तरी सांगतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरची गॅस्केटं त्याने खराब होतात, आणि गळकं पेट्रोल गरम इंजिनवर पडलं की आग. आधी ते बदला. खाऱ्या हवेत दाराच्या खालचा पत्रा आतून सडतो, वरून रंग चकचकीत दिसला तरी. टिंकरिंगवाल्याला स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघायला सांगा.

वाळपईकर: पाइप या आठवड्यातच बदलतो. घाटात नेणार नाही, हेही मान्य. पण वाळपईत फिरायला पद्मिनीच राहील. मुलाला हवी तर त्याने अल्टो घ्यावी, अंगणात दोन्हींना जागा आहे.